अर्धा किलो वजिराची बोटं

तुर्कस्तानला निघण्यापूर्वी पुण्यात जो भेटेल त्याला मी एकच गोष्ट ऐकवत होतो. "तुर्की मराठी माणसाला जड जायची नाही. इंग्रजीसारखी सुटी सुटी भाषा नव्हे ती. आपल्यासारखेच प्रत्यय. घरात, घरातून, घराचा. विभक्ती म्हणजे आपल्या डाव्या हाताचा मळ!" खरं कारण निराळं होतं. बायकोच्या कंपनीने तिला इस्तंबूलला पाठवलं होतं, मी तिच्या मागोमाग चाललो होतो, आणि "तिकडे तू काय करणार?" या प्रश्नाला काहीतरी भारदस्त उत्तर हवं होतं. "भाषा शिकणार" हे उत्तर भारदस्त आहे आणि त्यानंतर कुणी पगार विचारत नाही.

पहिला धडा माझ्या भाकितानुसार पार पडला. 'एव' म्हणजे घर. 'एवदे' म्हणजे घरात, 'एवदेन' म्हणजे घरातून, 'एवे' म्हणजे घराकडे. शाळेत 'स-ला-ते, स-ला-ना-ते' घोकताना जो मान मला कधी मिळाला नाही तो इथे मिळू लागला. माझा हात वरच असायचा. शेजारच्या जर्मन इंजिनिअरने प्रत्येक विभक्तीला एकेका रंगाचं पेन नेमलं होतं, आणि मी बिनरंगाचा पुढे जातोय हे त्याला सहन होत नव्हतं. पलीकडच्या रशियन बाईंच्या भाषेत सहा विभक्त्या आणि वर तीन लिंगं, त्यामुळे त्या फळ्याकडे बघण्याचेही कष्ट घेत नसत. एक इराणी ताई होत्या. पडद्याला पेर्दे, आठवड्याला हाफ्ता, असे निम्मे शब्द त्यांना घरचेच वाटायचे, पण शब्दाला शेपूट फुटलं की त्यांचा चेहरा उतरायचा. मागच्या बाकावर एक कझाक तरुण झोपायचा. त्याच्या भाषेत घराला 'यूय' आणि माझ्या घराला 'यूयिम' म्हणतात. तुर्की ही त्याच्या भाषेची चुलत बहीण. त्याला तिथे का पाठवलं होतं कोण जाणे. बहुधा आमचा उत्साह मोडायला.

मग मालकीचा धडा आला.

आमच्या बाईंनी (वर्गात सगळे त्यांना 'होजाम' म्हणजे 'माझ्या शिक्षिका' म्हणत, आम्ही मोजून पाच देशांचे, प्रत्येकाच्या स्वतंत्र मालकीच्या त्या एकट्या) फळ्यावर लिहिलं. एविम, माझं घर. एविन, तुझं घर. एवी, त्याचं किंवा तिचं घर. मी मान डोलावली. मग त्यांनी लिहिलं, 'एविन कापिसी', म्हणजे घराचं दार.

"होजाम, पण एविन म्हणजे तुझं घर ना?"

"हो. आणि 'घराचं' सुद्धा."

"आणि एवी म्हणजे त्याचं घर."

"हो. आणि 'घर पाहिलं', 'घर विकलं' यातलं कर्म असलेलं घर, तेही एवी."

पुढचा शब्द 'एवलेरी'. त्याचे अर्थ बाईंनी शांतपणे बोटांवर मोजले. त्यांचं घर, त्यांची घरं, त्याची घरं, आणि कर्म झालेली नुसती घरं. एकच शब्द, आणि त्यात कुणाची किती इस्टेट आहे याचा पत्ता नाही. जर्मन इंजिनिअरने पेनं खाली ठेवली.

"मग ओळखायचं कसं?" त्याने विचारलं.

"संदर्भावरून."

"संदर्भ कळला नाही तर?"

"पूर्ण वाक्य ऐका."

"पूर्ण वाक्य कळलं नाही तर?"

"मग चहाची सुट्टी," बाई म्हणाल्या आणि खरोखरच सुट्टी झाली.

संदर्भ म्हणजे जगातल्या तमाम भाषाशिक्षकांचं कुलदैवत. नियम संपला की त्याचा अंगारा लावतात. आम्हाला तो लावला गेला तेव्हा आम्ही भाषेत इतके नवे होतो की आमच्याकडे प्रत्यय थोडेफार होते, संदर्भ अजिबात नव्हता.

त्याचा प्रत्यय (हा दुसऱ्या अर्थाचा) लवकरच आला. आम्ही राहायचो ते घर शहराच्या आशियाई बाजूला, कादिक्योयमध्ये. खालच्या मजल्यावर एक वयस्कर बाई एकट्या राहायच्या. सगळी इमारत त्यांना 'तेयझे' म्हणजे मावशी म्हणायची, मीही म्हणू लागलो. एका दुपारी त्या जिन्यात मला आडव्या आल्या आणि दोन्ही हात उंचावून ओरडल्या, "तेलेफोनुनु बुलदुलार!" मला शब्द न् शब्द कळला. तुझा फोन सापडला! मी खिशावर हात ठेवला. फोन खिशात होता. पण माणूस इतक्या आनंदाने सांगतोय म्हटल्यावर त्याचा विरस कशाला करा, म्हणून मीही आनंदलो. छातीवर हात ठेवून पुन्हा पुन्हा आभार मानले, देवाचं नाव घेतलं. तेयझेंच्या डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळी बायकोकडून कळलं की हरवला होता तो तेयझेंच्या मुलाचा फोन. 'तेलेफोनुनु' म्हणजे तुझा फोन, आणि तेवढ्याच हक्काने त्याचा फोन. दुसऱ्याच्या मुलाचा फोन सापडल्यावर गहिवरणारा हिंदुस्थानी, अशी माझी ख्याती इमारतभर झाली, आणि ती मोडेल असं व्याकरण मी आजतागायत कुणाला समजावून सांगितलेलं नाही.

मराठीत मालकाला एकदा चा-ची-चे लावलं की काम भागतं. आयशेचं घर. तुर्कीत 'आयशेनिन एवी'. म्हणजे आयशेलाही प्रत्यय आणि घरालाही प्रत्यय. आयशेचं तिचं-घर. सातबाऱ्यावर मालकाने सही करायची ती करायचीच, पण जमिनीनेही अंगठा उठवायचा. ही दोन्ही बाजूंची कागदपत्रं मालिकेत आली की दम लागतो. माझ्या मित्राच्या आईच्या घराचं दार, 'आर्कादाशिमिन आन्नेसिनिन एविनिन कापिसी'. आपण च्या-च्या-च्या करत जातो, ते निन-निन-निन करत जातात. दारापर्यंत पोचेतो मित्राचं नाव विसरायला होतं.

स्वरांचा मेळ हा प्रकार मी चटकन उरकतो, कारण त्यावर रडण्यात अर्थ नाही. तुर्कीत आठ स्वर. शब्दातला शेवटचा स्वर जसा, तसा प्रत्ययाने आपला स्वर बदलायचा. माझ्या मालकीचा एक साधा 'म', तो प्रसंगी चार निरनिराळ्या स्वरांवर बसून येतो. त्यांच्या जुन्या अरबी लिपीत हे आठ स्वर नीट मावत नसत. 1928 सालच्या नोव्हेंबरात कायदा करून 29 अक्षरांची नवी लिपी आणली गेली आणि मुस्तफा केमाल स्वतः खडू घेऊन गावोगाव फळ्यासमोर उभे राहिले. माणूस लिपी बदलायला निघाला होता, जाता जाता प्रत्ययांकडेही एकदा बघायला हरकत नव्हती. उलट त्या 29 मध्ये 'यूमुशाक गे', म्हणजे मऊ ग, नावाचं एक अक्षर ठेवलं. ते शब्दाच्या सुरुवातीला येत नाही, आणि मध्ये आलं तरी बहुधा उच्चारत नाहीत. शेजारच्या स्वराला जरा लांबवतं, एवढंच. पण लिहायला विसरलात की चूक.

पुढचं प्रकरण पोटाचं. तुर्कीत पोटाला 'कारिन' म्हणतात. 'कार' म्हणजे बर्फ, त्यामुळे 'बर्फाचा' हेसुद्धा 'कारिन'. आणि 'कारी' म्हणजे बायको, त्यामुळे 'तुझी बायको' हेही 'कारिन'. बर्फ, बायको आणि पोट या तीन गोष्टी एका शब्दात कोंबणाऱ्या लोकांना संदर्भ सापडत असेल, पोटात कळा येणाऱ्या माणसाला सापडत नाही. मी औषधाच्या दुकानात वाकून उभा राहिलो आणि सांगितलं, "कारिम दुखतंय."

औषधवाल्या बाईंनी सहानुभूतीने विचारलं, "कुठे आहेत त्या?"

"इथे," मी पोटावर हात ठेवून म्हणालो.

"वय?"

मी माझं सांगितलं.

"गरोदर आहेत का?"

माझ्या पोटाकडे बघून असा प्रश्न पुण्यातही विचारला गेला आहे, पण गंमतीने. इथे त्या गंभीर होत्या. शेवटी त्यांनी एक बाटली दिली आणि खुणेने बजावलं की दूध पाजत असल्यास देऊ नये. माझं पोट म्हणजे 'कार्निम'. पहिला भाग आखडतो, मधला स्वर गळतो. 'कारिम' म्हणजे माझी बायको. घरी आल्यावर तिने बाटलीवरची चिठ्ठी वाचली. तिची तुर्की माझ्या पुढे होती, कारण ती ऑफिसात दिवसभर इंग्रजी बोलायची आणि तुर्कीचा विचार करायला तिला वेळच नसे.

"अरे, तुझ्या पोटात दुखतंय म्हणून मी औषध का घ्यायचं?"

"व्याकरण म्हणतंय तसं."

हा स्वर गळण्याचा उद्योग अवयवांच्या बाबतीत फार चालतो. नाक 'बुरुन', माझं नाक 'बुर्नुम'. तोंड 'आइझ', माझं तोंड 'आझिम'. एकदा वैतागून मी वर्गात म्हटलं की धडधाकट शब्दातला मधलाच स्वर काढून घेणं ही कुठली पद्धत? इराणी ताईंनी सहज विचारलं, तुमच्या भाषेत असं होत नाही? मी छाती काढून "छे" म्हणालो, आणि उदाहरण म्हणून पहिला शब्द आठवला तो माणूस. माणसाला. मग कापूस. कापसाचा. मी खाली बसलो. दादोबा पांडुरंगांनी 1836 साली मराठीचं व्याकरण लिहिलं, दामल्यांनी 1911 साली त्याहून जाडजूड लिहिलं. आम्ही दोन्ही न वाचता विभक्ती डाव्या हाताचा मळ म्हणत आलो. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसासमोर माणूस येतो, त्याला 'ला' लावायला जावं तर त्याच्या पोटातला ऊ नाहीसा, शेवटी एक आ उगवलेला. तो बिचारा कुठल्या औषधवाल्याकडे जात असेल?

तुर्की मालकी शिकायची खरी जागा वर्ग नव्हेच, मिठाईचं दुकान. दोन नामं जोडून एक वस्तू सांगायची तर दुसऱ्याला मालकीचं शेपूट लागतं. म्हणून गालाता कुलेसी, म्हणजे गालाता-तिचा-बुरूज. इस्तिक्लाल जाद्देसी, म्हणजे स्वातंत्र्य-त्याचा-हमरस्ता. मसुराचं सूप 'मेर्जिमेक चोर्बासी', मसूर-त्याचं-सूप. इथवर मी बिनतक्रार होतो. पण मिठाईच्या काचेमागे पाट्या दिसल्या त्या अशा: 'हानिम ग्योबेई', बाईसाहेबांची बेंबी. 'दिलबेर दुदाई', सुंदरीचा ओठ. 'वेझिर पारमाई', वजिराचं बोट. बिस्किटांच्या पुड्यावर 'केदी दिली', मांजराची जीभ. जेवणाच्या यादीत 'कादिनबुदू क्योफ्ते', म्हणजे बायकी मांडीचे कबाब. सगळं राजघराणं आणि त्यांचं मांजर पाकात पडलेलं.

पण व्याकरणाच्या दृष्टीने हे दुकान म्हणजे सुवर्णसंधी. 'पारमाक' म्हणजे बोट, मालकी लागली की क मऊ होऊन 'पारमाई'. 'दुदाक'चं 'दुदाई'. 'ग्योबेक'चं 'ग्योबेई'. तो न उच्चारला जाणारा मऊ ग इथे राबत असतो. बाईसाहेबांची बेंबी गोल, मध्ये बोटाने दाबलेला खळगा, तळलेली, पाकात बुडवलेली, आणि त्या खळग्यात साठलेला पाक. ती खाऊन जो नियम पाठ होतो तो वहीत लिहून होत नाही. मी नियम पक्के करायला वारंवार जाऊ लागलो. नियमांसोबत कमरेचा घेरही पक्का झाला.

तर एके दिवशी दुकानात गर्दी होती. मी पुण्याचा असलो तरी परदेशात नम्र असतो. आदरार्थी 'तुमचं' दाखवायला तुर्कीत 'इनिझ' लावतात हे त्याच सकाळी शिकलो होतो आणि कुठे लावू, कुठे नको असं झालं होतं. मी काचेकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणालो, "पारमाइनिझदान यारिम किलो, ल्युत्फेन." तुमच्या बोटांतली अर्धा किलो द्या, प्लीज.

दुकानदाराने तराजू थांबवला. स्वतःचे दोन्ही पंजे वळवून वळवून बघितले. रांगेतले आजोबा खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले.

"अबी," तो म्हणाला, "या बोटांवर माझं घर चालतं. वजिराची देऊ का?"

वजिराची घेतली. तेव्हापासून मी दुकानात शिरलो की तो हात पाठीमागे लपवतो.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. पण मी या पाट्यांवरून एक सिद्धांत काढला. बाईसाहेबांच्या बेंबीत बाईसाहेब नाहीत, वजिराच्या बोटात वजीर नाही, मांजराच्या जिभेत मांजर नाही. म्हणजे खाण्यातली तुर्की मालकी ही निव्वळ कविकल्पना. बायको शाकाहारी. तिला मी मोठ्या विश्वासाने 'तावुक ग्योसू' नावाची पांढरी, दुधाची, दालचिनी भुरभुरलेली खीर खाऊ घातली. नाव ऐकून ती थबकली होती. "तावुक म्हणजे कोंबडी ना?" "हो, कोंबडीची छाती. पण ते नुसतं नाव. व्याकरण बघ, 'ग्योइस'चं 'ग्योसू', मधला स्वर गळालाय." तिने संपवली, चांगली आहे म्हणाली. मग वाढप्याने कौतुकाने सांगितलं की आमच्याकडे अजून जुन्या पद्धतीने, कोंबडीची छाती शिजवून तिचे धागे धागे करून दुधात घालतात. त्या दिवसानंतर कुठल्याही प्रत्ययावर माझं मत आमच्या घरी ग्राह्य धरत नाहीत.

कर्माच्या प्रत्ययाने मला जरा वेगळ्या प्रकारे बुडवलं. 'पास्ता येदिम' म्हणजे मी केक खाल्ला (तुर्कीत केकला पास्ता म्हणतात, इटलीचा इथे संबंध नाही). त्याला कर्माचं शेपूट लावून 'पास्तायी येदिम' म्हटलं तर मी *तो* केक खाल्ला, ठराविक, आपल्या दोघांना ठाऊक असलेला. तेयझेंनी बोलावलं होतं. पुढ्यात चहा आणि केकचा तुकडा ठेवून त्या आत गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, काही खाल्लंस का? मी व्याकरणाची चैन करावी म्हणून पूर्ण शेपटासह उत्तर दिलं. तेयझे त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या वेगाने बाहेर आल्या, फ्रीज उघडला, नातवाच्या वाढदिवसाचा केक जागेवर आहे हे पाहिलं, आणि भिंतीला टेकल्या.

वातावरण सावरायला मी निघताना त्यांच्या स्वयंपाकाचं कौतुक करायचं ठरवलं. तिथे फार सुंदर शब्द आहेत त्यासाठी. 'एलिनिझे सालिक', तुमच्या हाताला आरोग्य लाभो. यात हात आहे, तुमचा आहे, आणि 'ला' पण आहे. मालकी आणि विभक्ती एकाच घासात. मी म्हणालो, "एलिमे सालिक!"

माझ्या हाताला आरोग्य लाभो.

"लाभो, ओलुम," तेयझे म्हणाल्या. "पुष्कळ राबलाय आज." 'ओलुम' म्हणजे माझ्या मुला. 'ओउल'मधला स्वर गळून झालेलं. लक्षात आलं असेलच.

क्रियापदं कुठली विभक्ती मागतील हेही पाठच करावं लागतं. आपण कुत्र्याला घाबरतो, तुर्क कुत्र्यापासून घाबरतात. इस्तंबूलच्या फुटपाथवर कानाला पालिकेचा बिल्ला लावलेला एक धिप्पाड कुत्रा माझी वाट अडवून बसला असताना मी चुकीच्या विभक्तीत ओरडलो. तेयझेंनी गॅलरीतून आधी विभक्ती दुरुस्त केली, मग कुत्र्याला हाकललं. कुत्राही तोवर थांबून राहिला. बाईंनी एकदा वर्गात एक यादी लिहिली, चेहऱ्यावरची रेषाही न हलवता. प्रेमात पडणं याला 'कडे'ची विभक्ती: 'साना आशिक ओलदुम', तुझ्याकडे आशिक झालो. लग्नाला 'शी': 'सेनिनले', तुझ्याशी. घटस्फोटाला 'पासून': 'सेनदेन', तुझ्यापासून. भीतीलाही पासून. तिरस्कारालाही पासून. आणि 'तू मला आवडतेस' यातल्या आवडण्यालाही पासूनच. इराणी ताईंनी यादी वरून खाली वाचली आणि म्हणाल्या, "होजाम, माझ्या आतेबहिणीचं हेच झालं." कझाक तरुण त्या एका दिवशी जागा होता.

या सगळ्यात एक वाक्य मी बिनचूक शिकलो: 'तुर्कचेम इयी देइल', माझी तुर्की चांगली नाही. पण त्यात 'तुर्कचे'ला 'म' लावावा लागतो, आणि तो मी इतका अचूक लावतो की समोरचा "माशाल्लाह, किती छान तुर्की बोलता!" म्हणून पूर्ण वेगाने सुरू होतो. चुकीचा लावला असता तर त्याने दया केली असती.

आम्ही तुर्की शिकतोय हे कळलं की जो तो एक शब्द ऐकवायचा. टॅक्सीवाला, न्हावी, घर दाखवणारा दलाल, सगळ्यांना तोच पाठ: 'चेकोस्लोवाक्यालिलाश्तिरामादिक्लारिमिझदान मिसिनिझ?' म्हणजे, ज्यांना आम्ही चेकोस्लोव्हाकियन बनवू शकलो नाही, त्यांपैकी तुम्ही आहात का? अगदी शेवटाकडे बघा, 'आमचे' आणि 'पैकी' दोन्ही बसलेत. त्या देशाचे 1993 च्या पहिल्या जानेवारीला दोन तुकडे झाले, पण शब्दाचा एक प्रत्यय ढळलेला नाही. मी दर वेळी मनापासून उत्तर देतो, की हो, मी त्यांपैकीच आहे.

लिहिण्यात तर आणखी वेगळी शिस्त. विशेषनामाला प्रत्यय लावताना मध्ये वरचा स्वल्पविराम द्यायचा: इस्तंबूल, चिन्ह, मग 'दा'. गावाचं नाव आणि प्रत्यय यांची गफलत होऊ नये म्हणून. मात्र संस्थांच्या नावांना हे चिन्ह नको असा नियम आहे. आणि हे नियम सांगणारी तुर्क दिल कुरुमू ही 1932 साली स्थापन झालेली संस्था स्वतः संस्थाच असल्याने तिला चिन्हाची कटकट नाही. सरकारी कामात मुरलेल्या आपल्याकडच्या वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही.

मध्यंतरी तेयझेंनी फर्मावलं की आता तू मला तुझी भाषा शिकव, बघू तरी. मला उकळ्या फुटल्या. इतक्या दिवसांची उधारी वसूल व्हायची होती. मी त्यांच्याच बैठकीच्या खोलीत सुरुवात केली. तेयझेचा सोफा. तेयझेची खुर्ची. तेयझेचं टेबल.

"थांब," त्या म्हणाल्या. "घर माझं, बाई मी एकटी. मग दर वेळी माझं शेपूट का बदलतं?"

मी समजावलं की शेपूट मालकिणीवरून ठरत नाही, वस्तूवरून ठरतं. सोफा पुरुष आहे, खुर्ची बाई आहे. तुर्कीत लिंग नावाचा प्रकारच नाही. तो, ती, ते तिघांना मिळून एक 'ओ'. त्यामुळे तेयझेंनी सोफ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं आणि ओढणी सावरली.

"आणि टेबल?"

"ते पुरुषही नाही, बाईही नाही."

"बिचारं. खिडकी?"

"बाई."

"पडदा?"

"पुरुष."

"आणि हे कशावरून ठरवता?"

मी तोंड उघडलं, आणि माझ्याच तोंडून आमच्या बाईंचं कुलदैवत बाहेर पडणार इतक्यात स्वतःला आवरलं. "पाठच करायचं असतं," मी म्हणालो.

तेयझेंनी खोलीभर नजर फिरवली. आरसा पुरुष, घड्याळ ते, उशी बाई, कपाट ते. बोटं मोजता मोजता त्या उठल्या आणि स्वयंपाकघराकडे निघाल्या.

"एवढी मंडळी घरात राहतात हे मला आजवर कुणी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि मी इतकी वर्षं एकटीपुरताच चहा टाकतेय."